पान दोनशे अकरा

“पान?” विक्रांतनं विचारलं.

आमच्या मंडळाचा एवढा एकच नियम होता. वाद घालताना कुणी ‘क्षारनगर’ कादंबरीतलं वाक्य तोंडावर फेकलं की समोरच्यानं पान विचारायचं, आणि विचारलं की सांगायचं. सांगता आलं नाही तर त्या दिवशी पुन्हा तोंड उघडायचं नाही. वर्षभरात मी एकदाही अडकले नव्हते. त्या शुक्रवारी अडकले.

मिरजेत नियाजभाईंचा सतारी बनवायचा कारखाना होता, त्याच्या माडीवर आम्ही जमायचो. वर आढ्याला सतारीचे भोपळे टांगलेले, कोपऱ्यात लाकडाचा भुसा, आणि मधोमध एक टीव्ही. दर शुक्रवारी संध्याकाळी सातला मालिका लागायची. आठ वाजता टीव्ही बंद करून आम्ही दहा-बारा जण भांडायला बसायचो. भांडण म्हणजे अगदी मनापासून. केरूरकरांनी पाच खंडांत ‘क्षारनगर’ लिहिली आणि ते वारले. त्यांच्या माघारी तीस वर्षांनी एका वाहिनीनं तिची मालिका केली, आणि पुस्तकात नसलेलं काहीही पडद्यावर दिसलं की आमच्यातल्या निम्म्यांच्या अंगाची लाही व्हायची.

त्या दिवशी पुढच्या भागाची झलक दाखवली होती. मिठाचा दरवाजा आणि त्याच्यासमोर उभी उल्का. उल्का ही क्षारनगरची द्वारपालीण. एका हातानं थोटी, कुणाशी न बोलणारी. शत्रू चालून येतो, सगळं गाव दरवाज्याच्या आत पळतं, आणि तेव्हा लक्षात येतं की अडसर बाहेरच्या बाजूला आहे, कारण तो दरवाजा मुळात कैद्यांसाठी बांधलेला. तिथं केरूरकरांनी फक्त तीन शब्द लिहिलेत. ‘उल्केनं दार लावलं.’ बस्स. पुढं उल्का कादंबरीत दिसत नाही.

“आता बघा,” विक्रांत म्हणाला होता, “हे लोक तिला रडवणार. डोळ्यांत ग्लिसरीन घालून पाच मिनिटं रडवणार. लिहून घ्या माझ्याकडून.”

मला राग आला. इतका आला की जिभेवर ताबा राहिला नाही. “रडणारी बाई ‘जा आत सगळे, दार कुणीतरी बाहेरूनच लावायचं असतं’ असं म्हणते होय रे?”

“पान?” विक्रांतनं विचारलं.

मी पान सांगायला तोंड उघडलं.

ते वाक्य पुस्तकात नव्हतं. ते मी लिहिलं होतं.

वर्षभर मी त्या मालिकेचे संवाद लिहीत होते. मंडळात कुणालाच ठाऊक नव्हतं. पुण्याच्या एका कंपनीचं भाषांतराचं काम घरून करते, असं मी सांगितलं होतं, आणि आईनंही शेजारीपाजारी तेच सांगितलं होतं. माझं नाव पडद्यावर येत नसे. नाव फुटलं तर काम जाईल, असं करारात साफ लिहिलं होतं. पण मला भीती कामाची नव्हती. मुख्य लेखकाचं पुण्यातलं घर दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी शोधून काढलं होतं आणि त्याच्या दारावर निळ्या शाईच्या बाटल्या फोडल्या होत्या. त्याची लहान मुलगी दार उघडायला आली होती. त्याची फीत विक्रांतनं इंटरनेटवरच्या आपल्या पानावर टाकली होती. त्याच्या पानाला चाळीस हजार माणसं होती. ती फीत त्यानं आम्हाला इथंच, या माडीवर दाखवली होती आणि हसत म्हणाला होता, “मिरजेतलाच कुणी असता तर एवढं लांब जावंही लागलं नसतं.”

सगळे हसले होते. मीही हसले होते.

दरवाज्याचा तो प्रसंग मी सतरा वेळा लिहिला होता. दर वेळी पुस्तकाचं ते पान समोर ठेवून. सतरा वेळा लिहिल्यावर त्यांचं कुठलं आणि माझं कुठलं, हे माझं मलाच उमजेनासं झालं होतं. आणि ते वाक्य पुढच्या शुक्रवारी लागायचं होतं.

“शलाका, पान सांग की,” विक्रांत म्हणाला. आवाज अजून गमतीचाच होता, पण डोळे बारीक झाले होते. तो मूर्ख नव्हता, हीच तर पंचाईत होती. पाचही खंड त्याला तोंडपाठ. मोबाइलच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो तेच वाचत बसायचा. खोटं पान सांगावं तर तो तिथल्या तिथं उघडून बघणार. विसरले म्हणावं तर रात्रभर बसून पाच खंड चाळणार.

“तिसरा खंड, पान दोनशे अकरा,” खिडकीजवळून आवाज आला.

रणभिसे सिस्टर. सुवार्ता रणभिसे, वय अडुसष्ट. मिरजेच्या एका दवाखान्यात चाळीस वर्षं परिचारिका होत्या, आणि निवृत्तीनंतरही गावानं त्यांचं ‘सिस्टर’ काही सोडलं नव्हतं. आमची फरक-वही त्यांच्याकडे असायची. लांब बांधणीचं रजिस्टर, वॉर्डात असतं तसं. त्यात तीन रकाने: भाग, पुस्तकातलं पान, काय बदललं. सिस्टरांनी सांगितलेलं पान चुकलंय, असं कधी झालं नव्हतं. वाद कितीही पेटला तरी त्या वहीतून वर बघून आकडा सांगायच्या आणि आवाज खाली यायचा.

विक्रांतनं पिशवीतून आपला तिसरा खंड काढला. पानं उलटली. “दोनशे अकरावर नाही, सिस्टर. इथं फक्त ‘उल्केनं दार लावलं’ आहे.”

“तुझी तिसरी आवृत्ती. माझी पहिली.”

“पहिलीत आहे? हे वाक्य?”

“आहे.”

“दाखवा की. आणलीय?”

“बांधणीला दिलीय. पुठ्ठा निघाला होता.” सिस्टरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

माडीवर एकदम गलका झाला. पहिल्या आवृत्तीत वाक्य होतं आणि पुढं गाळलं! केरूरकरांनी स्वतः गाळलं की प्रकाशकानं? नियाजभाई चहा घेऊन वर आले तर त्यांचं कुणी ऐकेना. सिस्टरांची आठवण चुकली असेल, असं मला वाटलं. देवानं मला वाचवलं, असंही वाटलं. विक्रांत मात्र भांडत नव्हता. तो फोनमध्ये काहीतरी टिपून घेत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुंबईला फोन लावला. आमच्या लेखन विभागाची प्रमुख मला चांगलं वागवायची.

“ते दाराचं वाक्य काढता येईल?” मी विचारलं.

“वेडी आहेस का? भाग पूर्ण झालाय. वाहिनीकडं गेला. आणि काढायचं कशाला? अख्ख्या भागात तेवढंच एक वाक्य लोकांना लक्षात राहणार आहे.”

एरवी मी हे ऐकून दिवसभर हवेत राहिले असते. त्या दिवशी मी फोन ठेवला आणि उठून पुढचं दार बंद केलं. आमचं घर तळमजल्यावर, दार थेट रस्त्यावर उघडायचं. आईला ते सकाळपासून उघडं लागायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून.

“दिवसाढवळ्या दार कशाला लावतेस गं?” आई म्हणाली.

“धूळ येते.”

“आजच यायला लागली?”

त्या आठवड्यात मोटारसायकल घराजवळ थांबली की माझा जीव खालीवर व्हायचा. रोज सकाळी मी आधी विक्रांतचं पान बघायची. सोमवारी त्यानं लिहिलं, ‘पहिली आवृत्ती कुणाकडं आहे का? तिसरा खंड. तातडीनं हवा.’ मंगळवारी कुणीतरी उत्तर दिलं की सांगलीच्या एका जुन्या वाचनालयात असावी. बुधवारी त्यानं काहीच लिहिलं नाही, आणि ते मला सगळ्यात वाईट वाटलं.

गुरुवारी मंडईत सिस्टर भेटल्या. मेथीची जुडी निवडत होत्या. मला बघून थांबल्या नाहीत, हसल्याही नाहीत. जुडी पिशवीत ठेवता ठेवता हळू आवाजात म्हणाल्या, “उद्या ये. चुकवू नकोस. नेमकी उद्याच आली नाहीस तर तो विचारेल, का आली नाही म्हणून.”

“सिस्टर, ते वाक्य…”

“उद्या लागणार आहे ना?” त्या म्हणाल्या, आणि पुढच्या भाजीवालीकडं वळल्या.

मी तिथंच उभी राहिले. म्हणजे आठवण चुकली नव्हती. त्यांना माहीत होतं. किती माहीत होतं आणि आणखी कुणाला सांगितलं होतं, हे मला कळेना. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्यांचीही भीती वाटली.

शुक्रवारी माडी भरून गेली होती. विक्रांत टीव्हीच्या अगदी समोर बसला होता, मांडीवर पिशवी. मी मागं भिंतीला टेकून बसले. सिस्टर नेहमीच्या जागी, खिडकीजवळ, वही उघडून.

प्रसंग सुरू झाला. गाव आत पळालं. अडसर बाहेर आहे हे सगळ्यांच्या लक्षात आलं. उल्का वळली. आणि एक थेंब पाणी डोळ्यांत न आणता, एखाद्या घरच्या बाईनं कामं वाटून द्यावीत तशा आवाजात म्हणाली, “जा आत सगळे. दार कुणीतरी बाहेरूनच लावायचं असतं.”

नियाजभाईंनी डोळे पुसले. मालिकेला शिव्या घालणाऱ्या एकानं टाळी वाजवली. “पहिल्या आवृत्तीतलं घेतलं बघा! वा!”

विक्रांतनं टीव्ही बंद केला.

“नाही घेतलं,” तो म्हणाला. त्यानं पिशवीतून कागद काढला, छायाप्रत होती. “सांगलीला जाऊन आलो. पहिली आवृत्ती, तिसरा खंड, पान दोनशे अकरा. बघा. ‘उल्केनं दार लावलं.’ तेवढंच. आधीच्या पानावर नाही, पुढच्या पानावर नाही. पूर्ण खंड वाचून काढलाय मी.” त्यानं कागद फिरवायला दिला. “मग आता मला सांगा, जे वाक्य कुठल्याच पुस्तकात नाही, ते गेल्या शुक्रवारी हिच्या तोंडात कुठून आलं?”

सगळ्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं.

मला आमचं दार दिसत होतं आणि ते उघडायला चाललेली आई दिसत होती. जिन्याजवळ दोन जण उभे होते, त्यांच्यातून वाट काढून खाली जाता येईल का, याचा मी विचार करत होते.

“बोल की, शलाका. कुठून आलं?”

“माझ्याकडून,” सिस्टर म्हणाल्या. “तिला मी सांगितलं होतं. पुस्तकातलं आहे म्हणून सांगितलं, तिनं विश्वास ठेवला. तिचा काही दोष नाही.”

“आणि तुम्हाला कुठून कळलं? आठवडाभर आधी?”

सिस्टरांनी वही मिटली. “माझ्या बहिणीचा मुलगा त्या मालिकेच्या कंपनीत काम करतो. तो सांगायचा.”

विक्रांतचा चेहरा हळूहळू बदलला. राग त्याच्या चेहऱ्यावर मी पुष्कळदा बघितला होता. हे वेगळं होतं. त्याला दुखलं होतं. “म्हणजे वर्षभर आमची वही तिकडं जात होती? आम्ही इथं जीव तोडून भांडायचं आणि तुम्ही तिकडं कळवायचं? आणि वर आम्हाला खोटं पान सांगितलंत? तुम्ही?”

त्यानं हात पुढं केला.

“वही द्या.”

त्यांनी दिली. नियाजभाई मध्ये पडले, “अरे, वयाचा तरी मान ठेवा,” म्हणाले, पण कुणी ऐकलं नाही. सिस्टर उठल्या, पिशवी घेतली, कठड्याला धरून एकेक पायरी उतरून गेल्या. जाताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी बोलू शकले असते. चार शब्द पुरले असते. मी भिंतीला पाठ लावून बसून राहिले आणि मनात फक्त एवढंच आलं, की सुटले.

हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

शनिवारी सकाळी विक्रांतच्या पानावर सिस्टरांचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, ‘घरभेदी’. दहा वाजता मी त्यांच्या गल्लीत गेले. त्यांच्या पांढऱ्या दारावर निळी शाई वरपासून खालपर्यंत ओघळलेली. सिस्टर स्टुलावर बसून स्पिरिटनं पुसत होत्या, वॉर्डातली फरशी पुसून घ्यावी तशा शांतपणे.

“तुम्हाला कधी कळलं?” मी विचारलं.

“चौथ्या भागाला. सगळे टीव्हीकडं बघायचे, मी एखादवेळी माणसांकडंही बघायची. सवय आहे ती. पात्र बोलायच्या आधी तुझे ओठ हलायचे.”

“मग कुणाला सांगितलं का नाही?”

“कशाला सांगू? चांगलं लिहीत होतीस.” त्यांनी फडकं पिळलं. “मी बावीस वर्षांची असताना नर्सिंग होस्टेलवर तो खंड वाचला. तेव्हापासून विचार करायची, ती बाई दार लावताना काय म्हणाली असेल. काहीतरी म्हणालीच असेल ना? तू ते बोललीस तेव्हा कळलं, हेच म्हणाली असेल.”

त्या आत गेल्या आणि तिसरा खंड घेऊन आल्या. पुठ्ठा धड होता. बांधणीला कधी दिलेलाच नव्हता. पान दोनशे अकरा उघडून त्यांनी माझ्यासमोर धरलं. ‘उल्केनं दार लावलं’च्या वर, समासात, औषधांच्या तक्त्यावर लिहितात तशा सुट्या अक्षरांत पेन्सिलीनं माझं वाक्य लिहिलं होतं. खाली तारीख, कालची नव्हे, त्याआधीच्या शुक्रवारची.

“घरी आल्याबरोबर लिहिलं,” त्या म्हणाल्या. “आकडा चुकीचा सांगून मला झोप नसती लागली.”

मला रडू फुटलं. “मी सांगते त्यांना. आत्ताच्या आत्ता जाऊन सांगते, की मीच लिहिते.”

“सांग,” सिस्टर म्हणाल्या. “मी अडवणार नाही.”

त्या थांबल्या. खरंच थांबल्या, माझ्याकडं बघत. गल्लीच्या तोंडाशी एक मोटारसायकल वाजली आणि मी दचकून ओढणी डोक्यावरून पुढं ओढली. मोटारसायकल निघून गेली. मी जागची हलले नाही.

“मग फडकं घे,” सिस्टर म्हणाल्या.

मी फडकं घेतलं. तासभर आम्ही दार पुसलं. ओढणी मी शेवटपर्यंत खाली घेतली नाही. शाई बरीचशी निघाली, पण निळसर झाक राहिली. घरी मी मागच्या बोळानं गेले.

मंडळ पुढं वर्षभरही टिकलं नाही. सिस्टर मग कुठल्याच शुक्रवारी आल्या नाहीत. मी त्यांच्याकडं अधूनमधून जायची, नेहमी दुपारी, रस्त्यावर कुणी नसताना. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांचं दार मात्र त्यांनी पुन्हा रंगवलं नाही.

आठ वर्षांनी सांगलीत पुस्तकांचं एक प्रदर्शन होतं. करार केव्हाच संपला होता आणि फलकावर माझं नाव होतं: ‘क्षारनगर’ मालिकेच्या संवादलेखिका. सिस्टर जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. रांगेत विक्रांत उभा होता. केस विरळ झालेले, पोट सुटलेलं, हातात तिसरा खंड.

“अगं, तू?” तो हसत होता, अगदी मनापासून. “तेव्हाच सांगायचं की! मिरजेची पोरगी मालिका लिहिते, आम्ही सत्कार केला असता तुझा.”

सत्कार केला असता की नाही, मला माहीत नाही. त्याला बघून माझी नजर अजून बाहेरची वाट शोधते, एवढं मात्र मला त्या दिवशी कळलं.

“त्या सिस्टरबाईंनी मात्र दगा दिला,” तो पुस्तक पुढं करत म्हणाला. “आम्हीही पोरकट होतो म्हणा. दाराला शाई वगैरे. पण मनाला लागलं होतं गं. सही कर. ‘उल्केनं दार लावलं’जवळ कर.”

मी पान दोनशे अकरा उघडलं. समासात माझं ते वाक्य लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. त्याच्याखाली सही केली नाही. ‘सुवार्ता रणभिसे’ असं लिहिलं आणि पुस्तक परत दिलं.

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मागचे लोक घाई करत होते.

“हे काय? हे वाक्य तुझं ना?” तो म्हणाला. “मग त्यांचं नाव कशाला? त्यांना तर भाच्यानं सांगितलं होतं. बहिणीच्या मुलानं.”

“त्यांना बहीणच नव्हती, विक्रांत.”